गृहसंकुल-रचना व गुन्हेप्रतिबंध

अनेक कुटुंबे ज्या वसाहतीत सामाईक प्रवेशद्वारे, जिने, मार्गिका, लिफ्ट व अंगणे वापरून राहतात, तिची आखणी करतानाच घरफोडी, जबरी चोरी, मारहाण, छेडछाड, मालमत्तेची नासधूस यांसारख्या गुन्ह्यांना कमीत कमी वाव राहील अशी योजना करणे, यास गुन्हेप्रतिबंधक गृहसंकुल-रचना असे म्हणतात. कुलुपे, पहारेकरी, पोलिसांची गस्त ही संरक्षणाची नेहमीची साधने इमारत बांधून झाल्यावर योजली जातात. प्रस्तुत विषयाचा संबंध त्याआधीच्या निर्णयांशी आहे. जिना कोठे असावा, एका प्रवेशद्वारातून किती कुटुंबांनी ये-जा करावी, स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडावी की मागील भिंतीकडे, दोन इमारतींमधील मोकळी जागा कोणाची समजली जावी, हे ते निर्णय होत. ते एकदा घेतले, की इमारत उभी असेतोवर बदलणे बहुधा शक्य नसते.

वास्तुरचना गुन्हेगार निर्माण करते किंवा त्याला नाहीसा करते, असे या विषयाचे जबाबदार अभ्यासक मानीत नाहीत. दारिद्र्य, बेकारी, व्यसनाधीनता, कुटुंबाची वाताहत ही गुन्ह्याची कारणे नकाशाच्या कक्षेबाहेरची आहेत. रचनेचा प्रभाव पडतो तो रहिवाशांमार्फत. पाहण्याची, ओळखण्याची व हटकण्याची संधी ती त्यांना देते किंवा त्यांच्याकडून हिरावून घेते. अनोळखी माणसाला ‘कोण पाहिजे?’ असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे ज्या जागी रहिवाशाला वाटते, ती जागा सामान्यतः सुरक्षित राहते. जेथे तसे वाटत नाही, तेथे शेकडो माणसे राहत असूनही जागा बेवारस ठरते. या विषयातील बहुतेक तत्त्वे या एका निरीक्षणाचा विस्तार आहेत.

संकल्पनेचा उगम : आवाराला एकच मोठा दरवाजा, त्यात माणसापुरती दिंडी, आत बसण्यास देवडी आणि सर्व खोल्यांची तोंडे मधल्या चौकाकडे, ही वाड्याची मांडणी संरक्षणाच्या गरजेतूनही घडली होती. तशा प्रकारच्या रचना अनेक देशांच्या पारंपरिक वास्तूंत आढळतात. तथापि या प्रश्नाचा शास्त्रीय दृष्ट्या विचार सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा अमेरिकेत व यूरोपात झोपड्या व जुन्या दाट वस्त्या पाडून सरकारी खर्चाने उंच इमारतींची प्रचंड संकुले उभारण्यात आली आणि त्यांपैकी काही थोड्याच वर्षांत भयग्रस्त झाली.

शिकागोच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या प्रमुख राहिलेल्या एलिझाबेथ वुड यांनी १९६१ मध्ये, सरकारी वसाहतींत रहिवाशांना सहज एकत्र येता येईल व मोकळ्या जागांवर घरातून लक्ष ठेवता येईल अशी रचना असावी, असा आग्रह धरला. त्याच वर्षी जेन जेकब्ज यांचा द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रस्त्यावरची शांतता मुख्यतः पोलीस राखीत नसून दुकानदार, खिडकीत बसलेली माणसे व येणारेजाणारे यांच्या सहज नजरेमुळे ती टिकते, असे त्यांनी प्रतिपादन केले. गुन्हाशास्त्रज्ञ सी. रे जेफरी यांनी १९७१ मध्ये परिसर-रचनेद्वारे गुन्हेप्रतिबंध ही संज्ञा ग्रंथनामातच योजिली. मात्र हा विचार गृहसंकुलांना पद्धतशीरपणे लावून आकडेवारीसह मांडण्याचे श्रेय वास्तुशिल्पज्ञ ऑस्कर न्यूमन (१९३५–२००४) यांच्याकडे जाते. त्यांचा डिफेन्सिबल स्पेस हा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या संकल्पनेला मराठीत ‘संरक्षणक्षम अवकाश’ असे म्हणता येईल.

न्यूयॉर्कमधील दोन वसाहती : न्यूमन यांच्या विवेचनाचा मुख्य आधार न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील ब्राउन्सव्हिल व व्हॅन डाइक या दोन सरकारी वसाहतींची तुलना हा होता. या वसाहती रस्त्याच्या दोन बाजूंस समोरासमोर आहेत. दोन्हींचे व्यवस्थापन एकाच गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, बंदोबस्त एकाच पोलीस दलाकडे आणि लोकवस्तीची घनता जवळजवळ सारखीच, म्हणजे एकरी २८७-२८८ माणसे होती. रहिवाशांचे उत्पन्न व सामाजिक स्थिती यांतही फारसे अंतर नव्हते. फरक होता तो बांधणीत. १९४८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ब्राउन्सव्हिलमध्ये तीन ते सहा मजल्यांच्या इमारती होत्या. १९५५ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हॅन डाइकमध्ये बहुतेक कुटुंबे तेरा-चौदा मजली इमारतींत राहत. घनता सारखी राखून उंची वाढविल्यामुळे व्हॅन डाइकमध्ये इमारतींनी सु. १७ टक्केच जमीन व्यापली होती व बाकीची मोकळी राहिली होती. ब्राउन्सव्हिलमध्ये व्यापलेली जमीन २३ टक्के होती. मोकळी जागा अधिक म्हणजे वसाहत अधिक चांगली, हा त्या काळच्या वास्तुशिल्पज्ञांचा जवळजवळ सिद्धांतच होता.

१९६९ सालच्या नोंदींनुसार ब्राउन्सव्हिलमध्ये ७९०, तर व्हॅन डाइकमध्ये १,१८९ घटना नोंदल्या गेल्या. लोकसंख्येतील फरक जमेस धरता हे प्रमाण दर हजारी अनुक्रमे १४६ व १८५ पडते. एकूण घटनांतील ही तफावत मोठी असली, तरी चकित करणारी नाही. परंतु जबरी चोऱ्यांचे आकडे २४ व ९२ असे होते, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने पाहिले तरी व्हॅन डाइकमध्ये त्या तिपटीहून अधिक होत्या. जबरी चोरी हा समोरासमोर, सामाईक जागेत घडणारा गुन्हा असल्यामुळे याच आकड्यांत रचनेचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसावा, हे स्वाभाविक आहे.

कारण इमारतीत शिरताच लक्षात येत असे. ब्राउन्सव्हिलमध्ये एक प्रवेशद्वार नऊ ते तेरा कुटुंबे वापरीत. इतक्या घरांतील माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात; परका माणूस जिन्यावर दिसला, तर तो परका आहे हे तत्काळ कळते. घरांची दारे उघडी टाकून मुलांना जिन्यात व मार्गिकेत खेळू देण्याची तेथे प्रथा होती आणि आयांचे कान तिकडे लागलेले असत. व्हॅन डाइकच्या उंच इमारतीत एकाच दारातून शंभराहून अधिक कुटुंबे ये-जा करीत. त्यामुळे कोण रहिवासी व कोण उपरा, हे कोणालाच सांगता येत नसे आणि हटकण्याचा प्रश्नही उद्‌भवत नसे. दोन्ही बाजूंस बंद दारे असलेल्या मार्गिका, आगीपासून बचावासाठी जाड भिंतींत बंदिस्त केलेले जिने आणि लिफ्ट ही या इमारतींतील सर्वांत असुरक्षित स्थाने ठरली. लिफ्टमध्ये तर माणूस अनोळखी सोबत्याबरोबर काही क्षण सर्व जगाच्या दृष्टीआड असतो. बाहेरची विस्तीर्ण मोकळी जागाही कोणत्याच घराशी जोडलेली नसल्यामुळे ती सर्वांची व म्हणून कोणाचीच नव्हती.

या निरीक्षणांवरून न्यूमन यांनी जागांची चढती श्रेणी सुचविली : रस्ता सार्वजनिक, आवार निमसार्वजनिक, जिना व मजल्यावरील मोकळी जागा निमखाजगी आणि घर खाजगी. एका पायरीवरून दुसरीवर जाताना कमान, पायऱ्या, फरशीतील बदल, बुटकी भिंत किंवा दार यांनी आपण दुसऱ्याच्या हद्दीत शिरत आहोत, याची जाणीव व्हावी. ही खूण प्रत्यक्ष अडथळा असलीच पाहिजे असे नाही. दाराशी काढलेली रांगोळी व उंबरठा हेच काम करतात.

सिद्धांताची प्रत्यक्ष चाचणी न्यूमन यांनी ब्रॉंक्स विभागातील क्लेसन पॉइंट गार्डन्स या दुमजली घरांच्या वसाहतीत घेतली. तेथील बेवारस मोकळ्या जमिनीचा बहुतांश भाग कुंपणे घालून शेजारच्या घरांना वाटून देण्यात आला, पायवाटांची संख्या कमी करून उरलेल्या वाटांवर दिवे लावण्यात आले व करड्या भिंतींना निरनिराळे रंग देण्यात आले. गुन्ह्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आल्याचे न्यूमन यांनी नमूद केले आहे. वाटून दिलेल्या तुकड्यांवर रहिवाशांनी स्वखर्चाने हिरवळ व फुलझाडे लावली, ही बाब कदाचित त्या आकड्यापेक्षाही बोलकी आहे.

प्रुइट-आयगो : या विषयाच्या चर्चेत सेंट लूइस येथील प्रुइट-आयगो वसाहतीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. मिनोरू यामासाकी यांनी आखलेल्या या वसाहतीत अकरा मजली ३३ इमारती व २,८७० सदनिका होत्या. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती पुरी झाली. काटकसरीसाठी लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबे. तेथील रुंद सज्जे शेजाऱ्यांच्या भेटीगाठींसाठी म्हणून योजले होते. परंतु वरच्या-खालच्या मजल्यांवरील प्रत्येकाला निर्जन जिन्यातूनच घर गाठावे लागे आणि सज्जे कोणत्याही घराच्या दारासमोर नसल्यामुळे ते लवकरच टवाळांच्या ताब्यात गेले. १९७२ मध्ये इमारती सुरुंगाने पाडण्यास प्रारंभ झाला व १९७६ पर्यंत सर्व वसाहत जमीनदोस्त करण्यात आली. शेजारच्याच कार स्क्वेअर व्हिलेज या बैठ्या घरांच्या वसाहतीत तशाच उत्पन्नाचे लोक राहत असूनही ती बऱ्यापैकी नांदती राहिली, याकडे न्यूमन यांनी लक्ष वेधले.

तथापि या इमारतींचे पडणे हा केवळ वास्तुरचनेवरील निकाल मानणे अन्यायाचे आहे. सरकारने बांधकामाला पैसा दिला. देखभाल मात्र भाड्याच्या उत्पन्नातून व्हावयाची होती. कारखाने व गोरी मध्यमवर्गीय कुटुंबे शहर सोडून गेली, मागे अतिशय गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे उरली, गाळे रिकामे पडत गेले आणि भाडे वाढवावे तर ते देणार कोण, अशी स्थिती झाली. १९६९ मध्ये भाडेवाढीविरुद्ध सेंट लूइसच्या सरकारी वसाहतींतील भाडेकरूंनी दीर्घकाळ भाडे-बंदी पुकारली. नादुरुस्त लिफ्ट आणि फुटलेले दिवे हे नकाशाचे नव्हे, तर रिकाम्या तिजोरीचे दोष होते. केथरिन ब्रिस्टल यांनी १९९१ मधील आपल्या निबंधात ही बाजू ठामपणे मांडली. ज्यांना तेथे राहावे लागले त्यांच्या हालांचे खापर केवळ वास्तुशिल्पज्ञावर फोडल्याने खरे निर्णय घेणारे नामानिराळे राहतात, हा तिचा रोख आजही विचारात घेण्याजोगा आहे.

आक्षेप व पुनर्विचार : न्यूमन यांच्यावरील पहिला आक्षेप असा, की दोनच वसाहतींच्या तुलनेवरून काढलेला निष्कर्ष सर्वत्र लावता येत नाही. पुढील संशोधनात खुद्द न्यूमन यांनीही रहिवाशांचे उत्पन्न व एकपालक कुटुंबांचे प्रमाण यांसारख्या सामाजिक घटकांचे वजन मान्य केले. लंडन येथील किंग्ज कॉलेजच्या ॲलिस कोलमन यांनी चार हजारांहून अधिक सदनिका-इमारतींची पाहणी करून १९८५ मध्ये यूटोपिया ऑन ट्रायल हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रवेशद्वारामागील घरांची संख्या, मजले, इमारतींना जोडणारे उंच पादचारी पूल इ. घटक वाढतात तसतशी घाण व नासधूस वाढते, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या प्रभावाखाली ब्रिटनमध्ये अनेक वसाहतींतील असे पूल तोडण्यात आले. कोलमन यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर व दारिद्र्याचा घटक बाजूला सारण्यावर कठोर टीका झाली. बिल हिलियर यांनी तर उलट बाजू मांडली. वसाहत जितकी तुटक, आडवळणी व बाहेरच्यांना बंद, तितक्या तिच्या वाटा निर्मनुष्य आणि म्हणून धोक्याच्या. वर्दळ हीच खरी राखण, असे त्यांचे म्हणणे होते. जेकब्ज यांची वर्दळ आणि न्यूमन यांची हद्द यांतील हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. घरफोडीच्या बाबतीत आडरस्त्यांवरील, कमी घरांची व कमी रहदारीची रचना काहीशी अनुकूल दिसते. रस्त्यावरील लुटीच्या बाबतीत मात्र ओस वाट धोक्याचीच ठरते. तेव्हा कोणता गुन्हा टाळावयाचा आहे, हे आधी ठरविल्याशिवाय या वादाला अर्थ उरत नाही.

लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीने या चर्चेला अधिक नेमके रूप आले. गुन्ह्यास प्रवृत्त व्यक्ती, योग्य लक्ष्य आणि समर्थ राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका स्थळी, एका वेळी जुळल्या की गुन्हा घडतो, असे ती सांगते. वास्तुरचना पहिल्या गोष्टीला हात घालू शकत नाही. दुसरीला थोडाफार व तिसरीला मात्र पुष्कळच घालू शकते.

रचनेची अंगे : प्रवेशद्वार हे सर्वांत महत्त्वाचे अंग. मोठ्या संकुलातही एकेका जिन्यामागील कुटुंबांची संख्या मर्यादित ठेवून इमारतीचे स्वतंत्र विभाग पाडणे, लांबलचक मार्गिकेऐवजी प्रत्येक मजल्यावर थोड्या घरांपुरती मोकळी जागा ठेवणे आणि प्रवेशद्वार रस्त्यावरून व वरच्या खिडक्यांतून दिसेल असे ठेवणे इष्ट असते. लिफ्टची वाट पाहण्याची जागा दारापासून वळणाआड असू नये. लिफ्टच्या दाराला काचेची पट्टी असावी. बंदिस्त जिन्याच्या बाबतीत मात्र दोन गरजांचा विरोध येतो. आगीच्या वेळी धूर आत येऊ नये म्हणून जिना आपोआप मिटणाऱ्या दारांनी बंद असावा लागतो, तर गुन्हा टाळण्यासाठी तो उघडा व दिसता असावयास हवा. दारात तारेची अग्निरोधक काच बसविणे ही त्यातली व्यवहार्य तडजोड होय. मुंबईपुण्याकडे खिडक्यांना बसविल्या जाणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यासारख्या जाळ्या या विरोधाचे वाईट उदाहरण आहे. चोराला रोखणारी जाळी आगीत सापडलेल्या कुटुंबालाही रोखते. निदान एका खिडकीची जाळी आतून उघडणारी असणे आवश्यक आहे.

दिव्यांविषयी पूर्वी मतभेद होते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींपैकी काहींची यादृच्छिक पद्धतीने निवड करून त्यांच्या आवारात प्रखर दिव्यांचे मनोरे उभारण्यात आले. रात्री बाहेर घडणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत सु. ३६ टक्के घट आढळली. वृक्षांबाबतचा अनुभव सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. झाडी म्हणजे लपण्याची जागा असे मानले जाते. परंतु शिकागोच्या आयडा बी. वेल्स वसाहतीतील ९८ इमारतींच्या पाहणीत (२००१) भोवती झाडे व हिरवळ अधिक असलेल्या इमारतींत गुन्हे कमी आढळले. उंच छत्रीची झाडे व खाली गवत असले, की नजर अडत नाही आणि माणसे सावलीत येऊन बसतात. छातीएवढी दाट झुडपे मात्र वाटेलगत नसावीत.

दारे-खिडक्यांची मजबुती ही गोष्ट साधी असली तरी परिणामकारक आहे. नेदर्लंड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांना घरफोडीस दाद न देणारी दारे-खिडक्या बसविणे सक्तीचे झाले. बेन व्होलार्ड व यान व्हान ओउर्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या घरांतील घरफोड्या सु. एकचतुर्थांशाने घटल्याचे व त्या शेजारच्या जुन्या घरांकडे वळल्याचा पुरावा नसल्याचे दाखविले. इंग्लंडमध्येही २०१५ पासून नव्या घरांसाठी अशी तरतूद बांधकाम-नियमांत अंतर्भूत आहे.

बिघडलेल्या संकुलाची दुरुस्ती कशी होऊ शकते, याचे उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या बेइल्मरमेर या भागात आढळते. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे षट्‌कोनी मांडणीत दहा मजली लांबच लांब इमारती बांधल्या गेल्या. मोटारींचे रस्ते उंचावर आणि जमिनीवर फक्त पादचारी, अशी योजना होती. परंतु इमारतींच्या तळाशी घरांऐवजी सामानाच्या कोठड्या असल्यामुळे पादचाऱ्याच्या बाजूस एकही खिडकी नव्हती. १९९० नंतर अनेक इमारती पाडण्यात आल्या. क्लाइबुर्ग ही इमारत मात्र पाडण्याऐवजी नव्याने मांडण्यात आली. कोठड्या वरच्या मजल्यांवर हलवून तळमजल्यावर माणसे राहतील व काम करतील अशी घरे काढण्यात आली.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईच्या चाळीचा सज्जा हे संरक्षणक्षम अवकाशाचे अकृत्रिम उदाहरण म्हणता येईल. सर्व खोल्यांची दारे त्याच्याकडे उघडतात व दिवसभर उघडीच असतात. कपडे वाळत घालणे, धान्य निवडणे, अभ्यास, गप्पा ही सर्व कामे तेथेच चालतात आणि घरी जाणाऱ्याला शेजाऱ्यांच्या दारावरूनच जावे लागते. चाळीत शिरलेला अनोळखी माणूस पहिल्या जिन्यावरच ओळखला जातो. ही राखण कोणी आखलेली नव्हती. जागेच्या टंचाईने माणसांना सज्ज्यावर आणले. म्हणून तिचे गोडवे गाताना एका खोलीत राहणारी सहा-सात माणसे व मजल्याच्या टोकाचे सामाईक संडास विसरता कामा नयेत. शिवाय जी नजर चोराला हेरते, तीच उशिरा घरी येणाऱ्या मुलीचीही नोंद ठेवते. अनेक स्त्रियांनी सदनिकेच्या बंद दाराचे स्वागत केले, ते केवळ संडास घरात आला म्हणून नव्हे.

सर्व चाळी सारख्या नव्हत्या, हेही लक्षात घ्यावयास हवे. १९२० नंतरच्या दशकात बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या २०७ ‘बीडीडी’ चाळींत उघडा सज्जा नसून इमारतीच्या पोटातून जाणारी मार्गिका व तिच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी १६० चौ. फुटांच्या खोल्या अशी मांडणी होती. नकाशावर ती न्यूयॉर्कच्या बदनाम मार्गिकांसारखीच दिसते. तरीही ती मार्गिका ओस नव्हती; उघडी दारे, दीर्घकाळचा सहवास, एका गावची माणसे, मंडळे व उत्सव यांनी ती वापरात ठेवली होती. केवळ आकृतीवरून भाकीत करणे किती फसवे ठरू शकते, याचा हा घरचाच पुरावा होय. या चाळींच्या पुनर्विकासात वरळी येथे सु. चाळीस मजली इमारती उभ्या राहिल्या असून २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना ५०० चौ. फुटांची घरे मिळाली. घर तिपटीने वाढले. त्याच वेळी मार्गिकेची जागा लिफ्टने व मजल्यावरच्या बंद दारांनी घेतली. एकेका लिफ्ट-समूहामागे किती कुटुंबे येतात, जुने शेजारी एकाच मजल्यावर येतात की सोडतीने विखुरतात आणि वरच्या मजल्यावरील मुलांना खेळण्यास जवळ जागा मिळते की नाही, या प्रश्नांना अशा पुनर्वसनात क्षेत्रफळाइतकेच महत्त्व आहे.

मध्यमवर्गीय सहकारी गृहसंस्थांत वेगळीच अडचण दिसते. तळमजला खांबांवर मोकळा सोडून तेथे वाहने उभी करण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे जमिनीच्या पातळीवर कोणाचीही खिडकी वा ओटी राहिली नाही. उंच इमारतींत वाहनतळाचे अनेक मजले रचले गेल्याने पहिले घरच रस्त्यापासून पाच-सहा मजले वर जाते. आगीच्या वेळी आश्रय घेण्यासाठी राखलेल्या मजल्यावरील मोकळ्या जागा बहुधा अंधाऱ्या व अडगळीच्या असतात. ही उणीव वखवखल्या खर्चाने नव्हे, तर एका पहारेकऱ्याने भरून काढण्याकडे कल असतो. बहुधा दूरच्या गावाहून आलेला, अल्प वेतनावर बारा तास उभा असलेला हा माणूस वारंवार बदलतो आणि रहिवाशांना तो ओळखतो न ओळखतो, तोच दुसरा येतो. येणाऱ्यांची वही आणि दृश्यचित्रण करणारे कॅमेरे यांचा उपयोग मुख्यतः गुन्हा घडून गेल्यावर होतो. दारावरची कडक तपासणी घरकामाच्या बाया, फेरीवाले व सामान पोहोचविणारे यांच्याच वाट्याला येते. त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट ठेवणाऱ्या इमारतीही आहेत. ज्यांचा दिवसभर आवारात वावर असतो व जे राखणदार ठरू शकले असते, त्यांनाच संशयित मानणारी ही व्यवस्था संरक्षणाच्या दृष्टीनेही हुशारीची म्हणता येत नाही. मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या गृहसंस्थेत देखभालीचा निधी व निर्णय रहिवाशांच्या हाती राहतो, ही प्रुइट-आयगोच्या भाडेकरूंना कधीच न मिळालेली सोय तिच्यापाशी आहे.

मर्यादा : उंची हाच दोष, ही सोपी समजूत सिंगापूरच्या अनुभवाने खोटी ठरविली आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या तेथील गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत देशाच्या रहिवाशांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक राहतात आणि गुन्ह्यांचे प्रमाण अल्प आहे. घरांची मालकी, सर्व उत्पन्नगटांची सरमिसळ, लिफ्टची तत्पर दुरुस्ती व जवळची पोलीस चौकी यांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि मंडळाने लांब मार्गिका सोडून पुढे आखूड मार्गिका स्वीकारल्या, यावरून रचनेचा विचारही सुटलेला नाही, हे दिसते. ग्रेगरी सेव्हिल व जेरी क्लीव्हलंड यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘दुसऱ्या पिढी’च्या विचारात याच कारणास्तव शेजारसंबंध, सामाईक उपक्रम व वसाहतीचा आटोपशीर आकार यांना भौतिक रचनेच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले आहे.

घराच्या चार भिंतींआड घडणारी मारहाण आणि ओळखीच्या माणसांकडून होणारे अत्याचार यांना या शास्त्राजवळ जवळजवळ उत्तर नाही. किंबहुना ध्वनिरोधक भिंत व एकाकी मजला त्यांना आडोसाच देतात. प्रवेशद्वारातून परका आत येऊ नये, एवढ्यापुरतीच सुरक्षिततेची कल्पना मर्यादित ठेवली, तर आधीच आत असलेल्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. चाळीच्या पातळ भिंतीतून रडणे ऐकू येत असे व कोणीतरी दार ठोठावीत असे; नेहमीच नव्हे, पण ठोठावीत असे. बंद सदनिकेच्या आराखड्यात या गोष्टीची भरपाई कशाने करावी, याचा विचार गृहरचनेच्या अभ्यासात अद्याप फारसा झालेला नाही.